बाई धरून बेचाळीस

"पाच मिनिटं. सहावं मिनिट लागलं तर कॅमेरा विकून भाजीची गाडी लावतो," फोटोदादा म्हणाला आणि तिकाटण्याचे पाय त्याने अशा ऐटीत उघडले, की जणू सभागृहातल्या बेचाळीस माणसांना आता फक्त हसण्याचंच काम उरलं होतं.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते. पाच वाजता सभागृहात ज्यूदोचा वर्ग भरायचा आणि फोटोसाठी मांडलेले तिन्ही बाक रखवालदार उचलून नेणार होता. पण फोटोदादाला त्याची काय फिकीर. शाळांची संमेलनं, मंडळांच्या सभा, चित्रांची प्रदर्शनं, निरोप, सत्कार, सगळं त्याने टिपलं होतं. गायन मंडळाचा एक साधा वार्षिक फोटो म्हणजे त्याच्या डाव्या हाताचा मळ.

चिटणीसांनी त्याला दंडाला धरून शेजारच्या कार्यालयात नेलं. भिंतीवर चोवीस वर्षांचे चोवीस फोटो ओळीने टांगलेले होते. चिटणीस म्हणाले, नीट बघ, यात कोण नाही ते सांग. फोटोदादाला काही सांगता येईना. मग चिटणीसांनीच सांगितलं. ज्या बाईंनी हे मंडळ काढलं, ज्यांनी अर्ध्या गावाला सुरात आणलं आणि उरलेल्या अर्ध्याला निदान तालात, त्या बाई एकाही फोटोत नव्हत्या. दर वर्षी ऐन वेळी कोणीतरी कमी निघायचं, बाई त्याला आणायला जायच्या आणि तेवढ्यात फोटो निघायचा.

"उद्या सकाळी बाई मुलीकडे चालल्यात. कायमच्या," चिटणीस म्हणाले. "त्यामुळे आज बाई पाहिजेत. आणि बाकीचेही सगळे पाहिजेत. मागच्या वर्षी शिंपीकाका राहिले, तर सहा महिने नुसते ओठ हलवत होते, आवाज काढला नाही."

"बाई धरून बेचाळीस. दिले," फोटोदादा म्हणाला.

त्याने बाकांवर लोक चढवले, उंच मागे, बुटके पुढे, आणि बोटाने मोजले. एकेचाळीस. शिंपीकाका पुन्हा गायब होते. कोणाच्या तरी सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून ते सुई आणायला गेल्याचं कळलं. "मी आणते," असं वाक्य ऐकू आलं आणि ते ऐकून फोटोदादाने वळून पाहीपर्यंत बाई दाराबाहेर होत्या. पाठोपाठ दुसऱ्या दाराने शिंपीकाका तोंडात सुई धरून आत आले. आता बाई नाहीत. दातांचे डॉक्टर बाईंना बोलवायला गेले. बाई आल्या, डॉक्टर नाहीत. फोटोदादा म्हणाला, बाई, तुम्ही बसा. पण तो हे रिकाम्या खुर्चीला म्हणाला.

असं तीनदा झालं. चौथ्यांदा फोटोदादाने हुकूम सोडला की बाकावरून कोणीही खाली उतरायचं नाही, राहिलेल्यांना तो स्वतः आणील. मग त्याने डॉक्टरांना जिन्यातून आणलं, शिंपीकाकांना पुन्हा एकदा बटणापासून सोडवलं, एका जाड आवाजाच्या गृहस्थांना फोनसकट अंगणातून ओढून आणलं. परत आला तर पहिली ओळ चहा पीत होती. कप गोळा केले, ओळी सरळ केल्या, मोजलं. बेचाळीस. पुन्हा मोजलं. बेचाळीसच. त्याने धडाधड तीन फोटो काढले आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर चेहरे मोठे करून पाहू लागला. मागच्या ओळीत डावीकडून तिसरा माणूस सगळ्यांत छान हसत होता. त्याच्या हातात पाना होता.

"तुम्ही कोणत्या आवाजात गाता?" फोटोदादाने विचारलं.

"मी नळ दुरुस्त करतो."

"मग इथे काय करताय?"

"त्या अंबाड्याच्या ताई मघाशी बाहेर गेल्या ना, त्यांनी हात धरून उभं केलं. म्हणाल्या, उंच आहात, मागे जा. मी म्हटलं, आपण कशाला मोडता घाला."

म्हणजे एकेचाळीस. बेचाळिसावं कोण, हे विचारायची गरजच नव्हती. इतक्यात बाई धापा टाकत दारातून आत आल्या आणि फोटोदादावरच उखडल्या. "अहो, होतात कुठे? सगळे जमले आणि तुमचा पत्ता नाही. तुम्हालाच शोधत पार कोपऱ्यापर्यंत जाऊन आले."

पाचाला बारा मिनिटं कमी होती. फोटोदादाच्या कपाळावर घाम होता, पण आता त्याच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती. जग इकडचं तिकडे झालं तरी बाई फोटोत आल्या पाहिजेत. त्याने पुढच्या ओळीच्या मधोमध खुर्ची ठेवली, बाईंना बसवलं आणि दोन्ही बाजूंना मंडळातले सर्वांत आडदांड असे दोन गायक बसवून एकेकाला बाईंचा एकेक हात धरायला लावला.

"बाई, आता कोणालाही आणायला जायचं नाही," तो म्हणाला.

"आणि कोणी राहिलं तर?"

"राहू दे."

पंचवीस वर्षांत बाईंना असं कोणी सांगितलं नव्हतं. शिंपीकाकांनी तर सुई गिळल्यासारखा चेहरा केला. बाई म्हणाल्या, "बरं." मात्र पाय खुर्चीखाली उभं राहण्याच्याच तयारीत होते.

नळवाला स्वतःहून खाली उतरला, पण घरी जाईना. त्याला आता या कामात गोडी वाटू लागली होती. तो दाराशी उभा राहून पान्याने डोकी मोजायला लागला. तेवढ्यात रखवालदार आला. पाच वाजायला तीन मिनिटं असताना त्याने मागच्या बाकाचं एक टोक उचललंही, आणि वरचे चौदा गायक उजवीकडे झुकले. फोटोदादा वाद घालत बसला नाही. त्याने फ्लॅशची पांढरी छत्री रखवालदाराच्या हातात दिली आणि म्हणाला, ही अशीच धरा, तुमच्यावर फार अवलंबून आहे. रखवालदार ताठ झाला. पंधरा वर्षांच्या नोकरीत त्याच्यावर कधी काही अवलंबून राहिलं नव्हतं. मागून ज्यूदोची चार पोरं पांढऱ्या कपड्यांत आत डोकावली, तर त्यानेच त्यांना डोळे वटारून बाहेर हाकललं.

फोटोदादाने मोजलं. बेचाळीस. दारातून नळवाल्याने सांगितलं, बेचाळीस, मला सोडून. शिंपीकाका होते, डॉक्टर होते, फोनवाले गृहस्थ होते, आणि मधोमध बाई होत्या, दोन्ही हात जखडलेल्या. फोटोदादाने बजावलं की तीन म्हटल्यावर कोणी डोळे मिटायचे नाहीत, बोलायचं नाही, जागचं हलायचं नाही. सगळ्यांनी श्वास रोखला. त्याने एक म्हटलं, दोन म्हटलं, तीन म्हटलं आणि बटण दाबलं. पाचाचा ठोका पडला. रखवालदाराने छत्री खाली ठेवली, बाक उचलला, आणि मागची ओळ जमेल तशी जमिनीवर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने बाई गेल्या.

पंचविसावा फोटो कार्यालयाच्या भिंतीवर लागला आहे. कोणीही गैरहजर नाही, कोणाचेही डोळे मिटलेले नाहीत, उजेड उत्तम आहे. बाईंचे हात धरलेले होते, मान कोणी धरली नव्हती, आणि तीन म्हणताच सगळे आलेत ना हे बघायला त्या मागे वळल्या. फोटोत एकेचाळीस चेहरे आणि एक अंबाडा आहे.