गो अहेड, आणि अक्कांचे मांडे

“जो तो ‘गो अहेड’ म्हनस, आन् चुल्हाजोडे कोनी येत नही!”

माझ्या मोठ्या नणंदबाई, तानुअक्का, गच्चीवर चूल फुंकता फुंकता पुटपुटल्या. मी पाठीशीच उभी होते, पण ऐकलंच नाही असं दाखवलं. कारण हे ‘गो अहेड’ घरात आणलं मीच!

मोबाइलवर बघून बघून इंग्रजी शिकले हो मी! कुणी ‘करू का?’ विचारलं, की ‘गो अहेड’ म्हणायचं. म्हणजे करा खुशाल, आमची हरकत नाही! नकाराचा वाईटपणा नाही आणि मदतीला उठायची कटकटही नाही. बघता बघता जळगावातलं आमचं घर चौकातल्या हिरव्या दिव्यासारखं झालं. अडवायला कुणीच नाही!

अशात आमच्या लेकीच्या, सुलक्षणाच्या, सासरची माणसं शिंदखेड्याहून पहिल्यांदाच जेवायला यायची ठरली. अक्का म्हणाल्या, “मांडा मीच करू ना?”

अक्कांचा मांडा म्हणजे बघत राहावं! पुरण भरलेला उंडा हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरायचा, नि अलगद उलट्या खापरावर टाकायचा. पण हल्ली त्यांच्या हातातला चहासुद्धा बशीत सांडायचा. मला वाटलं, आमचे हे सांगतील. ह्यांना वाटलं, मी सांगेन.

“गो अहेड, अक्का!” हे म्हणाले.

“गो अहेड, आत्या!” आमचा भूषण म्हणाला.

मी तर दोनदा म्हणाले!

व्याही अभिमनभाऊ हौसेनं मांडे बघायला गच्चीवर आले. पहिला मांडा चुलीत गेला. दुसरा अर्धा खापरावर, अर्धा अक्कांच्या पदरावर. तिसरा जो निसटला, तो थेट व्याह्यांच्या खांद्यावर उपरण्यासारखा जाऊन बसला!

“वा! मऊ शे,” व्याही म्हणाले. पुरण त्यांच्या बाहीत उतरत होतं.

“आजून एक करू?”

“गो अहेड, अक्का!” व्याही म्हणाले. घ्या! आमचा आजार पाहुण्यांनाही लागला!

अक्कांनी हातातला उंडा परातीत ठेवला. हात मांडीवर घेतले. तिथंही ते हलतच होते.

“मना हात थरथरतस. बठ्ठासले माहीत शे. पन एकनी बी सांगं नही.”

सगळ्यांना माहीत होतं, हे खरंच! मी तर चुलीतल्या मांड्याकडे बघत बसले.

अक्का पाटावर जरा सरकल्या. “आते इंग्रजी ऱ्हाऊ दे, बाई. मनाजोडे बस. हात दे.”