दोन पुरावे जुळल्याशिवाय

आमच्या अडाजणच्या सोसायटीतलं कोणीही भंगाळे साहेबांबरोबर कलिंगड घ्यायला जात नाही. ते आधी कलिंगडावर टिचक्या मारून कान लावतात. मग ते कुठल्या नदीच्या वाळूत पिकलं, याची चौकशी करतात. त्यानंतर एक काप काढायला लावून चाखतात. एकदा गाडीवाला वैतागून म्हणाला, "काका, तडबूच लेवुं छे के एनी साथे परणवुं छे?" म्हणजे, कलिंगड घ्यायचंय की त्याच्याशी लग्न करायचंय?

साहेब मूळचे जळगावकडचे. सगळी नोकरी समुद्रात तेल शोधण्यात गेली. जहाजावरून खाली आवाज सोडायचा आणि खडकांवर आपटून तो परत आला की त्यावरून तळाखालचं चित्र काढायचं, हे एक काम. वर आणलेले खडकाचे तुकडे पाहून ते कुठल्या गाळाचे, किती जुने, हे ठरवायचं, हे दुसरं. "आवाज आकार सांगतो, खडक खानदान सांगतो. एकाच पुराव्यावर भोक पाडायचं नाही!" हे मी लिफ्टमध्ये ऐकलंय, एकदा तर कोणाच्या तरी तेराव्यालाही ऐकलंय. प्लंबर आता त्यांच्याकडे यायलाच नाही म्हणतो.

त्यांच्या मुलीनं, मधुरानं, कतारगामच्या, हिऱ्याच्या धंद्यातल्या हार्दिकशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा पुढचं सगळ्यांनी ओळखलं. साहेबांनी त्याला चहाला बोलावलं. "हिऱ्यात मंदी आहे म्हणे," एवढंच बोलून गप्प बसले, काय परत येतं ते ऐकत.

"हो काका, यंदा जड जाणार," तो सरळ म्हणाला.

मग साहेब कतारगामला जाऊन त्याचे शेजारी, पानवाला, फोई म्हणजे आत्या, अशा सगळ्यांशी बोलून आले. सौराष्ट्रातल्या त्याच्या मूळ गावीही जाऊन आले. आणि मग काहीच बोलेनात. असे कित्येक महिने गेले.

"माझं कधीच 'हो' झालंय. अडलंय ते यांच्याकडे," भंगाळे वहिनी म्हणाल्या. मधुरा तर वाळत चालली होती. शेवटी तीच माझ्याकडे आली. "काका, तुम्ही विचारा ना त्यांना. विषय काढला की उठून जातात."

मी गेलो. "साहेब, पुरावे काय म्हणतात?"

"दोन्ही जुळले. मुलगा चांगला आहे."

"मग?"

"एखादं तरी उलटं निघतंय का, ते बघत होतो." मग म्हणाले, "ती शाळेत होती तेव्हा मी समुद्रावर. घरी आलो की पाहुण्याला लाजावं तशी लाजायची. रिटायर झालो, तेव्हापासून संध्याकाळी शेजारी बसून बोलते. आत्ता कुठे ओळख होतेय हो."

मी खरं तर चेष्टा करायच्या तयारीनं गेलो होतो. ती राहूनच गेली. त्यांचं वाईट वाटलं, आणि मधुराचंही. "हे तिलाच सांगा," मी म्हणालो.

त्यांनी हाक मारली. मधुरा ओले हात पुसत बाहेर आली. साहेबांनी मात्र वेगळंच सांगितलं. "हार्दिकला कळव, आमचा होकार आहे. पण लग्न पावसाळा संपल्यावर. पावसाळ्यात आमच्याकडे समुद्रावर काम बंद असतं."

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, नुकतंच झालं होतं. समोरच्या तारांवर पतंग अजून लटकत होते. मधुरानं बापाकडे बघत मनातल्या मनात महिने मोजले असावेत.

"चालेल बाबा," ती म्हणाली आणि त्यांच्या शेजारी बसली.