साळवेकाकांचा पहिला अल्बम

साळवेकाकांना कुठल्याही गोष्टीबद्दल मत विचारलं तर उत्तर दोनच प्रकारचं येतं. "पयला अल्बम," नाहीतर "दुसरा अल्बम." पहिला म्हणजे झकास. दुसरा म्हणजे मसाला भरपूर, चव बेपत्ता.

मागं आमच्या गल्लीत लग्न होतं. मुलीचे वडील पंगतीत हात जोडत फिरत होते. काकांच्या पानाशी येऊन त्यांनी विचारलं, "काही कमी नाही ना पडलं?" काका भात कालवत म्हणाले, "वरन पयला अल्बम. जिलबी दुसरा." बाहेरगावचा माणूस चक्रावून गेला असता. मुलीचे वडील भिंगारचेच. ते तडक आचाऱ्याकडे गेले आणि जिलबीवरून त्याची खरडपट्टी काढली.

मी भिंगारला, नगरजवळच्या या गावात, शाळेत इंग्रजी शिकवायला आले आणि काकांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली, तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पहिल्याच रविवारी सकाळी भिंतीपलीकडून गिटारचा खणखणाट सुरू झाला. मला वाटलं, कुणी कॉलेजचा पोरगा असेल, दम भरावा. तणतणत बाहेर आले तर ओट्यावर साठी उलटलेला, झुपकेदार मिशांचा, पांढरा सदरा घातलेला गृहस्थ डोळे मिटून बसलेला. समोर टेपरेकॉर्डर. त्याचं झाकण सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून जागेवर धरलेलं. मी तोंड उघडणार एवढ्यात त्यांनी डोळे न उघडता हात वर केला. गाणं संपल्यावर म्हणाले, "हं, आता बोला. पन मुद्द्याला धरून."

मी गप घरात आले आणि चहा टाकला.

साळवेकाका लष्कराच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. आता रिटायर. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी कोल्हारला दिलेली. आणि त्यांच्या आयुष्यात देवाच्या, नाही, ते देव मानत नाहीत, तेव्हा कशाच्याच जागी नाही पण फार वरच्या जागी असलेली एक गोष्ट म्हणजे 'द बॉरोड कोट्स'. नव्वदच्या दशकातला इंग्लंडमधला हा गिटारवाला बँड. उत्तरेकडच्या कुठल्याशा गिरण्यांच्या गावातली चार पोरं. त्यांनी दोन अल्बम काढले, आपसांत भांडली आणि पांगली. खुद्द इंग्लंडात त्यांना आज कोण ओळखत असेल, देव जाणे. भिंगारच्या बाजारात मात्र मेथी विकणाऱ्या मावशींनासुद्धा माहीत आहे, की पहिल्या अल्बमनंतर गिटारवाला सोडून गेला. "लई वंगाळ झालं बघा," असं त्या जुडी बांधता बांधता म्हणतात, जणू सोडून गेलेला त्यांच्या नात्यातला होता.

हा बँड भिंगारात पोचला तो वाटणीतून. काकांच्या वर्कशॉपमधल्या एका तरुण साहेबाची बदली झाली. बदली झाली की साहेबलोक सामान विकून मोकळे होतात, ही इथली जुनी रीत. कुणी पलंग घेतं, कुणी कूलर. काकांनी आणि त्यांचे जिवलग बाळ जोशी, टेलिफोन खात्यातले, यांनी मिळून एक टेपरेकॉर्डर आणि खोकंभर कॅसेटी उचलल्या. बाकीच्या कॅसेटींना बुरशी लागलेली. धड निघाल्या दोनच, आणि दोन्ही कोटवाल्यांच्या. एक पहिला अल्बम, एक दुसरा.

आता वाटणी आली. वाटणीचा आपल्याकडे नेम ठरलेला आहे: थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. काका जोशीकाकांपेक्षा चार महिन्यांनी थोरले. त्यांनी दोन्ही कॅसेटी ओट्यावर मांडल्या. जोशीकाकांनी दुसरी उचलली, कारण तिच्यावरचं चित्र रंगीत होतं. बास. त्या दिवसापासून काका पहिल्या अल्बमचे आणि जोशीकाका दुसऱ्याचे. भावाभावांत बांधावरून कोर्टकचेऱ्या चालतात, तसं यांचं दर रविवारी सकाळी ओट्यावर चालू झालं.

मला इंग्रजी येतं म्हणून त्यांनी मला पंच केलं. मी नको नको म्हणत होते. काका म्हणाले, "बाई, तुमी परक्या. तुमाला बाजू न्हाई. असा मानूस भिंगारात आता मिळायचा न्हाई."

भांडणाची शिस्त कडक. आधी नाणेफेक. मग ज्याचा कौल त्याची कॅसेट, एक गाणं. गाणं चालू असताना बोलायचं नाही, खोकायचंही नाही. मग दुसऱ्याचं गाणं. मग जुंपायची.

"साळवे, तुझ्या अल्बममध्ये ढोलवाल्याची काठी हातातून पडते. स्पष्ट ऐकू येतं. आणि ते तसंच ठेवलंय! याला काय संगीत म्हणायचं?" जोशीकाका गोरे, किरकोळ, घरी पिढीजात भिक्षुकी, बोलणं तासून गुळगुळीत केलेलं.

"पडली ना काठी? मग पडलीच म्हनून दावली! लपवली न्हाई. खरा मानूस हाय तो. तुज्या अल्बमात चाळीस व्हायोलिनं भाड्यानं आनली. वरातीला घोडा आनत्यात तशी."

"माणूस वाढतो, साळवे. जन्मभर एकाच चड्डीत राहत नाही."

"चड्डी मोठी झाली म्हंजी मानूस मोठा झाला असं न्हाई!"

"मुद्द्याला धरून!" मी ओरडायचे. तेवढंच माझं काम. निकाल कधी लागला नाही, आणि लागू नये अशीच दोघांची सोय होती. जोशीकाकांचा खरा स्वभाव मला तेव्हाच कळला: त्यांना दुसऱ्या अल्बमपेक्षाही विरोध जास्त आवडायचा. कुणी म्हणालं ऊन आहे, की ते म्हणायचे, तसं ऊन म्हणता येणार नाही.

एकदा काकांनी मला घरात बोलावून पहिल्या अल्बममधलं त्यांचं सगळ्यात लाडकं गाणं लावलं. गायक अगदी हंबरडा फोडतो. "बाई, ह्येचा अर्थ सांगा. इतकी वर्सं ऐकतोय, पन कुनाला इचारलं न्हाई." त्यांचा समज होता, की ते गाणं लढाईवर गेलेल्या भावाचं आहे. मी दोनदा ऐकलं. अर्थ असा निघाला, की त्या गायकाची छत्री बसमध्ये राहिली. मी चाचरत सांगितलं. वाटलं, बिचाऱ्यांचा हिरमोड होणार.

काकांनी मिशी चोळली. मग म्हणाले, "छत्री असंल. पन छत्रीसाठी कुनी असं रडत न्हाई, बाई. छत्री कुनाची हुती, त्ये त्यानं सांगितलं न्हाई, इतकंच."

मी वर्षानुवर्षं मुलांना कविता शिकवते. त्या दिवशी मी ते गाणं पुन्हा लावायला सांगितलं. त्यानंतर रविवारी भिंतीपलीकडून खणखणाट सुरू झाला की मी खुर्ची घेऊन आपण होऊन बाहेर यायचे.

पुढं भाच्यानं त्यांना मोबाईलवर कोटवाल्यांच्या चाहत्यांच्या एका गटात घालून दिलं. जगभरचे लोक तिथं हेच भांडण भांडत होते. काका हरखले. सलग दोन दिवस वाचत होते, म्हणजे मी वाचून दाखवत होते. मग इंग्लंडातल्या कुणी तरी लिहिलं, की दुसऱ्या अल्बममध्ये बँड खरा प्रौढ झाला. काकांनी त्या रात्री भाकरीला हात लावला नाही. सकाळी सरळ मराठीत उत्तर ठोकलं: 'तुमी काठी नीट ऐका. मग बोला. हिकडं आलात तर नगरला उतरा, भिंगारात कोटवाले साळवे कुनीबी दावील. जेवूनच जावा.' त्या माणसानं यंत्राकडून भाषांतर करून घेतलं असावं. त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. जोशीकाका लगेच म्हणाले, "बघ, तो इंग्रजसुद्धा माझ्या बाजूचा आहे."

आणि मग यंदा संक्रांतीच्या सुमाराला जोशीकाकांना अर्धांगाचा झटका आला.

जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, बोलणं परत येऊ शकतं, पण त्यांनी स्वतः बोलायला बघितलं पाहिजे. त्यांना बोलतं करा. जोशीकाकांनी मात्र भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. जोशीकाकू रामरक्षा म्हणायच्या, मुलगा पुण्याहून फोनवर नातवाचा आवाज ऐकवायचा. ते डोळे मिटून घ्यायचे. घासाघासाला बोलणारा माणूस 'हूं'सुद्धा करेना.

काका रोज जायचे, टेपरेकॉर्डर कडेवर घेऊन. आधी त्यांनी दुसरा अल्बम लावून पाहिला. काही नाही. मग दुसऱ्या अल्बमला शिव्या घातल्या. व्हायोलिनवाल्यांचा उद्धार केला. गायकाच्या सात पिढ्या काढल्या. एरवी एवढ्यानं जोशीकाका वाघासारखे उठले असते. आता फक्त डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं, आणि काकूंनी काकांना हळूच खूण केली, पुरे.

त्या संध्याकाळी काका माझ्या दारात उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात.

"शिव्या घातल्या तरी वर बघत न्हाई, बाई. बायको गेली तवा ह्यो बाळ्या तेराव्याला आला हुता. आमच्यात तेरावं न्हाई, त्येला ठावं हुतं. तरी आला. बसला, आनि म्हनला, साळवे, तुजा गिटारवाला बेसूर हाय. लई भांडलो त्या दिशी. सांजंला मला भूक लागली. त्यो बोलला न्हाई तर मी कुनाशी बोलू?"

मी त्यांचा हात धरला. फिटरचा हात, खरखरीत. तो गार पडला होता.

रविवारी सकाळी ते पुन्हा आले. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. "चला बाई. पंच लागंल."

जोशीकाकांच्या पलंगाशी मला खुर्ची दिली. काकू दारात उभ्या. काकांनी नाणं उडवलं, स्वतःच झेललं, बघितलं आणि म्हणाले, "बाळ्या, कौल तुजा." दुसऱ्या अल्बममधलं एक गाणं लावलं. व्हायोलिनं वाजली. जोशीकाका भिंतीकडेच. गाणं संपलं. काकांनी घसा साफ केला. कोर्टात गुन्हा कबूल करायला माणूस उभा राहतो तसे उभे राहिले.

"बाळ्या," ते म्हणाले, "मी लई इचार केला. दुसरा अल्बमच चांगला हाय."

मी दचकले. काकूंनी पदर तोंडाशी नेला. भिंगारात हे वाक्य या तोंडून निघेल असं कुणी स्वप्नातही आणलं नसतं.

"पयल्यात काय न्हाई," काका पुढं म्हणाले. प्रत्येक शब्द त्यांना दाढ उपटल्यासारखा जात होता. "पोरखेळ हाय. तूच खरा. मी हरलो."

मग पलंगावर काहीतरी हललं. जोशीकाकांनी मान वळवली. हळूहळू, पण वळवली. काकांकडे बघितलं. डाव्या हाताची मूठ आवळली गेली. ओठ वाकडे झाले, लाळ आली, घशातून घरघर निघाली.

"ना... ही."

काकूंनी दाराची चौकट धरली.

"प... प... हिला," जोशीकाका म्हणाले. गालावरची शीर फुगली होती. "का... ठी."

काठी! तीस वर्षं ज्या काठीवरून त्यांनी साळव्यांची टर उडवली, तीच काठी आज ते साळव्यांच्या अंगावर घालत होते.

काका एकदम पाठमोरे झाले. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. मी आणि काकू सरळ रडत होतो. काका वळले तेव्हा चेहरा दगडासारखा करून म्हणाले, "काठीचं काय? मुद्द्याला धरून बोल!"

त्या दिवशी जोशीकाका सात-आठ शब्द बोलले, सगळे विरोधाचे. निघताना काकांनी टेपरेकॉर्डरमधली कॅसेट काढून खिशात घातली, आणि दुसऱ्या खिशातली पहिल्या अल्बमची कॅसेट जोशीकाकांच्या उशाशी ठेवली. ती त्यांनी तोवर कुणाच्या हातात दिली नव्हती. माझ्यासुद्धा नाही. "वाटनी बदलली," एवढंच म्हणाले.

आता रविवारी मांडव जोशीकाकांच्या घरी असतो. जोशीकाका अडखळत का होईना, वाक्यं बोलतात. पहिल्या अल्बमची बाजू ते इतक्या हिरिरीनं मांडतात, की काकांना जन्मात तशी साधली नाही. आणि काका खाली मान घालून व्हायोलिनांची तरफदारी करतात.

परवा संध्याकाळी भिंतीपलीकडे दुसरा अल्बम वाजत होता. थांबवायचे, मागं घ्यायचे, पुन्हा लावायचे. मी ओट्यावर जाऊन विचारलं, "काय काका, आवडायला लागला वाटतं?"

"छ्या!" काकांनी तोंड कडू केलं. "निस्ता गुळाचा पाक. कानाला चिकाटतंय." मग त्यांनी बाजूला सरून मला जागा करून दिली. "बसा जरा, बाई. ह्यात चांगलं काय हाय त्येवढं मला सांगा. रविवारी बाळ्यापुढं उभं राह्यचंय."