उंबरगणांचे शेजारी

स्वतःविषयी उत्तम मत बाळगणे समाजाच्या प्रकृतीस आवश्यक असते, आणि ते टिकवायचे तर दुसऱ्यांविषयी थोडे वाईट मत नियमित घ्यावे लागते. काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या आमच्या मराठी मंडळाची प्रकृती या दृष्टीने ठणठणीत होती.

१९९४ साली तिला धक्का बसला. संस्कृतचे शिक्षक ढुंढिराज यांची मुलगी हिमानी घरी म्हणाली, "बाबा, मी तय केलंय. लग्न सौमेनशीच."

सौमेन बंगाली, बँकेत नोकरीला, शांत. मंडळाचे अध्यक्ष वेणीमाधव यांनी निःपक्षपाती चौकशी करून निर्णय दिला, "मुलगा लाख चांगला रे ढुंढू, पण ते लोक मासे खातात. शिवाय हळू बोलतात. मनात काहीतरी असणार."

ढुंढिराजांना भांडता येत नसे. त्यांनी गणेशोत्सवासाठी हिंदीत नाटक लिहिले.

नाटकातले उंबरगण ही कोणत्याही नकाशात नसलेल्या अरण्यातली जमात. त्यांच्या मते जगात माणसे म्हणजे तेच. बाकीच्यांना नुसते बोलता येत असे. नदीपारचे लोक मासे धरत, म्हणून निसरडे. डोंगरातले ठेंगणे, म्हणून कपटी (उंच असते तर मूर्ख ठरले असते). मीठ विकणारे रोज आंघोळ करत, यावरून ते मुळात किती घाणेरडे असतील याची कल्पना यावी. दुष्काळात ज्यांनी धान्य पाठवले, ते तर निव्वळ दिखाऊ.

या जमातीतली एक मुलगी नदीपारच्या मुलावर भाळते. पंच तिला हाकलून देतात. मग तिच्यासाठी रडणाऱ्यांना हाकलतात, आणि न रडणाऱ्यांना निर्दय म्हणून. शेवटी मुखिया एकटाच उरतो आणि एकमताने पुन्हा निवडून येतो.

प्रयोगाला ढुंढिराजांनी सौमेनच्या आईलाही बोलावले होते. पडदा पडला. भर मंडपात आपण वेणीमाधवांना उघडे पाडले, आता मंडळातून नाव कटणार, याची ढुंढिराजांना खात्री होती.

वेणीमाधव डोळे पुसत आले. हसून हसून पाणी आले होते.

"कमाल केलीस! हुबेहूब बंगाली! आता तूच सांग, असल्या जमातीत पोरगी देतोस?"

मंडळाने ढुंढिराजांच्या खांद्यावर शाल घातली आणि त्यांच्याच नाटकाच्या आधारे त्यांच्याच मुलीच्या लग्नाला विरोध करणारा ठराव मंजूर केला.

ढुंढिराज सौमेनच्या आईकडे धावले. त्या गंभीर होत्या. "मास्टरजी, आपने अपने समाज की पोल खोल दी. बड़ी हिम्मत की बात है. पर ऐसे लोगों की लड़की हम कैसे लें?"

"बहनजी, वह थोड़ा हम सबके बारे में था."

"हमारे बारे में?" त्यांना खरोखरच आश्चर्य वाटले. "हम तो मिलनसार लोग हैं."

मागे उभ्या हिमानीने सगळे ऐकले होते. "बाबा, ती शाल काढा आधी," ती म्हणाली. "आणि कचहरीत लग्नाला साक्षीला याल ना?"

ढुंढिराज गेले. सही करताना इतके रडले की कचहरीतल्या बाबूने कागद बाजूला ओढून घेतला. दोन्ही समाजांतून बाकी कोणी फिरकले नाही. मराठी आणि बंगाली यांच्यात पूर्ण एकमत झाल्याचा आमच्या गल्लीतला हा पहिलाच प्रसंग.

नाटकाचे पुढे बरेच प्रयोग झाले. प्रत्येक मोहल्ल्याने पलीकडच्या मोहल्ल्याला अचूक ओळखले. स्वतःला ओळखणारा प्रेक्षक अद्याप आढळलेला नाही.

वाचक अर्थातच तसे नाहीत. तसले लोक कुठे राहतात, हे त्यांना नेमके ठाऊक आहे.