आप्पाशेटच्या ब्रेकातलं सोवळं

या, असे अंमळ पुढे सरकून बसा. आप्पाशेट खातूंनी मोटारीला सोवळं नेसवलं, त्याची कथा सांगतो.

रत्नागिरीच्या त्या आळीत माघी उत्सवाला जो कीर्तनकार बुवांना गणेशजन्माच्या कीर्तनासाठी देवळात आणील, त्याला मानाचा नारळ मिळे. वर्षानुवर्षं तो काशीराम गाडीवानाच्या पंच्यात पडे. सदतीस साली आप्पांनी मुंबईहून जुनी मोटार आणली आणि त्या नारळावर डोळा ठेवला. "बैलांची शेपटं बघत बुवांनी यायचं, बरं दिसतं का?" असं ते ज्याला त्याला विचारत सुटले. भक्ती दांडगी, फक्त कुणी बघत असलं तरच अंगात येई.

उत्सवाच्या आदल्या दुपारी मोटारीखाली तेल ठिबकलं. ब्रेकची तांब्याची नळी चिरली होती. हातब्रेक आधीच्या मालकानेच संपवला होता. भागोजी मिस्त्रीने नव्या नळ्या बसवल्या आणि तेलाचा डबा उघडला. आप्पांनी नाक पुढे केलं.

"भागोजी, ह्याला दारूचा वास येतोय."

"एरंडेल नि स्पिरिट. ब्रेकाचं तेल असंच येतं, आप्पाशेट."

"म्हणजे बुवांना मी दारूच्या जोरावर नेऊ?"

"बुवा शिटावर बसणार. दारू नळीत."

"नळीतलीही नको. आमच्या घाण्याचं खोबरेल ओत. देवाला चालतं, मोटारीला काय धाड भरलीय?"

भागोजीने हात पुसले. "ओततो. पण उद्या मी गाडीत बसणार नाय."

उन्हात ब्रेकवर पाय टेकताच मोटार गपकन थांबली. आप्पांनी ती प्रत्येक दारासमोर थांबवून दाखवली.

रात्री थंडी पडली. बुवा आप्पांकडेच उतरले होते. सकाळी शाल पांघरून ते मोटारीत बसले. आप्पांच्या पत्नी गोदूबाई चुलीपाशी बाटली धरून उभ्या होत्या.

"अहो, जरा दम धरा. केसांना लावायला खोबरेल नाय. सगळं थिजलंय, बाटली उलटी केली तरी हलत नाय."

"तुझ्या बाटलीपायी बुवांना तिष्ठत ठेवू?" म्हणत आप्पांनी मोटार काढली.

उतार लागला. आप्पांनी ब्रेकवर पाय दाबला. तो जांभ्या दगडावर ठेवावा तसा जागच्या जागी राहिला.

"आप्पा, देऊळ गेलं," बुवा म्हणाले.

"पुढून वळून येऊ, बुवा."

"पुढे समुद्र आहे."

समुद्राच्या अलीकडे काशीरामाची गवताची उडवी होती. मोटार तिच्यात शिरली. बुवांची पगडी तेवढी वर दिसत होती. काशीराम शेजारीच गाडी जुंपत होता. त्याने गवत उपसून बुवांचा चेहरा मोकळा केला.

"बुवा, माझ्या गाडीत येताय?"

"इथेच बसतो. मोटारीलाच जुंप तुझे बैल. म्हणजे हिला ब्रेक येईल."

अशी मोटार देवळात आली. आप्पा चाक धरून बसले होते, जणू बैल तेच हाकत होते. उतरताच त्यांनी नारळासाठी उपरणं पसरलं.

बुवांनी नारळ काशीरामाला दिला. देवळाच्या दारात न थांबलेल्या भक्तीवर त्यांनी असं निरूपण केलं, की आप्पांखेरीज सगळी सभा हसली. शेवटी काशीरामाने नारळ फोडला, तेव्हा बुवांनीच एक शकल आप्पांच्या हातावर ठेवलं.

"खाऊन टाका. तेल काढू नका."

तर मंडळी, माघात आरतीला हात जोडाल, तेव्हा काशीरामाच्या चांद्या नि कवड्या या बैलांची तेवढी आठवण ठेवा. बुवांना वेळेवर त्यांनीच आणलं.