चार इंची पाईप

बुधवारी सकाळी अदितीचा पुण्याहून फोन आला तेव्हा गोपाळकृष्ण पांढरीपांडे मागच्या खोलीत फळीला रंधा मारत होते.

"बाबा, रविवारी येतोय आम्ही. मी आणि आचल. पण आधी एक सांगा, घरात भुसा आहे का?"

"थोडासा."

"थोडासा म्हणजे?"

गोपाळकृष्णांनी दारातून टीव्हीकडे पाहिलं. काचेवर कोणीतरी बोटानं 'पुसा' असं लिहून ठेवलं होतं. बहुधा स्वयंपाकाच्या जमुनाबाईनं.

"म्हणजे, असतो तेवढा."

"डॉक्टर म्हणालेत, आचलची छाती नाजूक आहे, धूळ चालणार नाही. घरात भुसा दिसला तर मी त्याच दिवशी अकोल्याला सासरी निघून जाईन. रागावू नका."

रागावण्यासारखं काही नव्हतं. नात सात महिन्यांची होती आणि त्यांनी तिला एकदाच पाहिलं होतं, बारशाला. तेव्हाही ती त्यांच्या हातात आली आणि लगेच कोणीतरी फोटोसाठी घेऊन गेलं.

रेल्वेच्या बडनेऱ्याच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून गोपाळकृष्ण सुतारकाम करत. त्यानंतर बायको, साधनाबाई, होत्या त्या अकरा वर्षांत घरात भुसा कधी दिसला नाही. सागवानाचा भुसा जड असतो, तो जागच्या जागी बसतो, असं ते लोकांना सांगतही. साधनाबाईंना जाऊन चौदा महिने झाले. त्या गेल्यावर पंधरा दिवसांतच भुसा टीव्हीवर दिसू लागला, मग देवांवर, मग साखरेच्या डब्यात. सागवान तेच होतं.

दिवाळीत त्यांनी भुसा ओढायचं मशीन मागवलं होतं. एका तोंडानं ओढायचं, दुसऱ्या तोंडानं कापडी पिशवीत टाकायचं. खोक्यात पिशवी होती, पाईप नव्हता. 'चार इंची पाईप वेगळा घ्यावा' अशी चिठ्ठी होती. तेव्हापासून खोक्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले जात होते.

"पाईपच पाह्यजे ना?" शेजारचे शेषराव म्हणाले. त्यांची मोर्शीकडे संत्र्याची बाग होती आणि पाईप या विषयात त्यांना कोणी विचारलं नाही तरी ते सांगत. "चाल माह्यासंगं. पाणी काय अन् भुसा काय, पाईपाले काय समजते?"

राजापेठेत शाहनवाजचं शेतीच्या पाईपांचं दुकान होतं.

"विहीर किती फुटाची हाये काका?" शाहनवाजनं विचारलं.

"विहीर नाही."

"बोअर?"

"भुसा आहे. घरातला."

शाहनवाजनं पेन खाली ठेवलं. "घरात जनावरं पाळली का?"

"लाकडाचा भुसा. मशीन ओढतं."

"ओढते म्हणता तं सक्शनचा घ्या. आतून कडक कडी असते त्याले. डिलिव्हरीचा चपटा असते, तो फक्त फेकाले चालते."

"ए बाबू," शेषराव म्हणाले, "तीस वर्षं झाली मी मोटर लावून राहिलो. तो कडक पाईप घरात वाकते का? चपटा दे. मऊ असते."

शाहनवाजनं गोपाळकृष्णांकडे पाहिलं. गोपाळकृष्णांना उन्हात उभं राहून दोघांपैकी कोणाला नाही म्हणण्याचा कंटाळा आला होता. त्यांनी चपटा घेतला.

गुरुवारी सकाळी मशीन सुरू केल्याबरोबर पाईप दोन्ही बाजूंनी आत ओढला गेला आणि चिकटून बसला. भुसा जिथे होता तिथेच राहिला.

"उलटा लावू," शेषराव जराही न खचता म्हणाले. "ओढू दे मशीनले आपल्या तोंडानं. पिशवी काढ, पाईप फेकाच्या तोंडाले बांध, अन् दुसरं टोक खिडकीबाहेर. भुसा डायरेक्ट अंगणात."

हे ऐकायला बरोबर वाटलं, आणि होतंही. पाईप ताठ फुगला. फक्त तो खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधला होता आणि सुतळी शेषरावांनी बांधली होती. ती सुटली. पाईप खोलीभर दोन वेळा फिरला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून स्थिरावला. गोपाळकृष्ण बटणापर्यंत पोचेस्तोवर चौदा महिन्यांचा कोपऱ्याकोपऱ्यातला भुसा जमुनाबाईनं मळलेल्या कणकेवर जाऊन बसला होता.

जमुनाबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग कणकेकडे पाहिलं.

"दादा, मी घरात कामाले लागली होती. वखारीत नाई."

"चुकून झालं."

"सोमवारी येते. तवरिक तुमी दोघं काय कराचं ते करून घ्या."

शुक्रवारी गोपाळकृष्ण एकटेच राजापेठेत गेले. शाहनवाजनं काही न विचारता सक्शनचा हिरवा पाईप उतरवला आणि लागेल तेवढा कापून दिला.

"गरम पाण्यात बुडवा, मग चढवा," तो म्हणाला. "अन् काका, एकट्यानंच चढवा."

पण भिंतीच्या पलीकडून गरम पाण्याच्या पातेल्याचा आवाज शेषरावांना ऐकू गेलाच. ते येताना ड्रिल मशीन घेऊन आले.

"मशीन बाहेर ठेव अंगणात. मंग आवाज बी बाहेर, धूळ बी बाहेर. भितीले एक छिद्र पाडतो, पाईप त्यातून आत. पाचच मिनिटं."

चार इंची छिद्र पाडायला साडेतीन तास लागले. छिद्र सात इंची झालं. भुशावर आता विटेची लाल पूड बसली. पाईप मात्र मशीनच्या तोंडावर उत्तम चढला, इतका घट्ट की ओढला असता तर मशीनसकट आला असता. उरलेल्या फटीत त्यांनी पोतं कोंबलं, कारण गवंडी आठवड्यानंतर येतो म्हणाला होता.

शनिवारी सकाळी मशीन सुरू झालं. पाईपाच्या तोंडाशी ठेवलेला मूठभर भुसा एका क्षणात नाहीसा झाला. गोपाळकृष्णांना बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. त्यांनी हिशेब केला: दुपारपर्यंत घर साफ, संध्याकाळी पाळणा पुसायचा, उद्या बडनेऱ्याला स्टेशनवर.

"पाहू दे बरं किती ओढते," म्हणून शेषराव खाली वाकले. त्यांच्या गळ्यातल्या पांढऱ्या दुपट्ट्याचं टोक पाईपात गेलं, मग बाकीचा दुपट्टा गेला. शेषरावांनी वेळेवर मान काढून घेतली. अंगणात मशीन कण्हलं, जळका वास आला आणि सगळं शांत झालं.

शेषराव मोकळ्या गळ्यावर हात फिरवत उभे राहिले.

"मस्त ओढते," ते म्हणाले.

गोपाळकृष्णांनी मशीनचं बटण बंद केलं. ते न्हाणीत गेले, बादली भरली, एक जुना टॉवेल फाडला आणि पलंगाच्या पायापासून पुसायला लागले. पंख्याची पाती, फोटोंच्या मागच्या बाजू, दारांच्या वरच्या कडा. इतक्या ठिकाणी भुसा जातो हे त्यांना माहीत नव्हतं. एक खोली पुसून दुसरीत गेले की पहिलीत वर उडालेला पुन्हा खाली बसलेला असे. साधनाबाई हे रोज कधी करत, हे त्यांना आठवेना. आपण तेव्हा पेपर वाचत असू, एवढंच आठवलं.

रविवारी अदिती आली. तिनं आचलला आजोबांच्या हातात दिलं आणि सरळ खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं. बोट पाहिलं. मग मागच्या खोलीत जाऊन भिंतीतून आलेला हिरवा पाईप पाहिला.

"बाबा, मशीननं काय फरक पडलाय हो."

"हो. पडतो," गोपाळकृष्ण म्हणाले. आचल त्यांच्या शर्टाचं बटण ओढत होती आणि त्यांना विषय वाढवायचा नव्हता.

पण भिंतीला सात इंची छिद्र होतं आणि बाहेर वैशाख होता. पोत्यातून गरम वारा आणि रस्त्यावरची माती येतच होती. रविवारी संध्याकाळी सगळे शेजारी बाळ पाहायला आलेले असताना त्यांनी एकदा पुसलं. सोमवारी दुपारी कुलर लावून मायलेकी झोपल्या तेव्हा पुन्हा बादली भरली. ते छिद्राखाली ओणवे झाले होते तेव्हा अदिती दारात येऊन उभी राहिली.

"मशीन बंद आहे ना?"

"कोण म्हणतं?"

"आल्यापासून एकदाही आवाज नाही. आणि मशीन ओढतं, ते फरशीवर असे अर्धगोल फटकारे उमटवत नाही."

गोपाळकृष्णांनी फरशीकडे पाहिलं. फटकारे होते, थेट बैठकीच्या दारापर्यंत. त्यांनी टॉवेल बादलीत टाकला.

"अकोल्याची गाडी किती वाजता आहे पाहतो."

"कशाला?"

"तू म्हणाली होतीस."

"भुसा दिसला तर म्हटलं होतं." अदितीनं पुन्हा चौकटीवर बोट फिरवलं आणि ते त्यांच्यासमोर धरलं. "कुठे दिसतोय? महिनाभर राहीन म्हणते मी."

गोपाळकृष्णांनी ते बोट नीट पाहिलं.

"फक्त पाणी बदलत जा हो बाबा. एकाच बादलीत सगळं घर पुसता तुम्ही."

त्यांनी बादलीत पाहिलं. पाणी चहासारखं झालं होतं. ते भिंत धरून उठले आणि बादली घेऊन न्हाणीकडे निघाले.

"आणि कपाटाखालून राहिलंय," अदिती मागून म्हणाली.