पिवळ्या जेलीवाली सासू

आपल्या कथेतली सासू जगात कोणाला म्हणजे कोणाला ओळखू येणार नाही, याची मार्नीला पक्की खात्री होती!

काय काय नाही केलं तिनं! खऱ्या सासूबाई, म्हणजे आर्लीन, जन्मापासून नेब्रास्काच्या. कथेतली सासू मार्नीनं उचलून थेट फ्लोरिडाला नेऊन ठेवली. पांढरे केस लाल केले. आर्लीनबाई दर रविवारच्या जेवणाला हिरव्या जेलीत गाजर किसून घालायच्या. कथेत जेली पिवळी झाली. गाजर मात्र राहिलं. गाजराशिवाय त्या बाईत जीवच येईना!

आणि सासूबाई कथा वाचणार तरी कशी? मार्नी मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी गावातल्या कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी लेखनाच्या वर्गाला जायची, तेव्हा दहा महिन्यांचा ओटो त्यांच्याकडेच असायचा. नवरा कर्ट गोदामात रात्रपाळीला. म्हणजे सासूबाई आहेत म्हणून कॉलेज आहे. त्यांचं एकदा बिनसलं की कॉलेज संपलं, पुढे विद्यापीठात जाऊन शिक्षिका होणं संपलं, आणि मार्नी पुन्हा किराणा दुकानाच्या गल्ल्यावर! अख्खी कथा तिनं ओटोच्या डुलक्यांमध्ये लिहिली होती. काही ओळी तर एका हातानं, दुसऱ्या हातानं त्याची पाठ थोपटत.

प्राध्यापक हॅडलींच्या वर्गाची रीत अशी, की कथेच्या प्रती सगळ्यांना वाटायच्या, पण त्यावर लेखकाचं नाव नसायचं. इतरांनी कथेची मनसोक्त चिरफाड करायची आणि लेखकानं तोंडाला कुलूप लावून ऐकायचं. शेवटी त्यानं हात वर करून "माझी" म्हणायचं.

त्या गुरुवारी मार्नीच्या कथेची पाळी होती. प्रती वाटून झाल्या, वाचून झाल्या, हॅडलींनी घसा खाकरला, तोच वर्गाचं दार उघडलं.

दारात आर्लीनबाई! कडेवर ओटो, आणि ओटोचं तोंड बोगद्याएवढं उघडं!

"ससा कुठाय?"

"अं?"

"अगं, त्याचा कापडी ससा! तुझ्या पिशवीत आला. मघापासून नुसता भोंगा चालू आहे. शेजारचा कुत्रासुद्धा कंटाळून अंगणातून निघून गेला!"

मार्नीनं ससा काढून दिला. नळ बंद करावा तसा ओटो बंद झाला.

"बरं, या मग, आर्लीन. गाडी सावकाश चालवा हं," म्हणत ती सासूबाईंना जवळजवळ ढकलतच दाराकडे न्यायला लागली.

"अहो, थांबवा की त्यांना!" हॅडली म्हणाले. फार प्रेमळ माणूस. असल्या माणसांमुळेच जगात घोटाळे होतात! "बाहेर बर्फ पडतंय, पोर आत्ता कुठे शांत झालंय. बसा दहा मिनिटं. आणि ही घ्या, एक प्रत उरलीय."

"मला? अहो, मी कुठली शिकलेली!" म्हणेपर्यंत आर्लीनबाई पहिल्या रांगेत बसल्यासुद्धा. चष्मा नाकावर, ओटो मांडीवर, कथा हातात! मार्नी मागच्या बाकावर जाऊन बसली. 

"मला ही सासू पटलीच नाही," सतरा वर्षांच्या पेटननं सुरुवात केली. "सुनेच्या घरी येते काय, न विचारता फ्रिज आवरते काय! इतकी आगाऊ बाई असते का कुठे?"

"त्यात आगाऊपणा कसला?" आर्लीनबाईंची मान वर झाली. "आमची सून दूध फ्रिजच्या दारात ठेवते. नासणार नाही तर काय होणार?"

सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं. सून बाकाखाली वाकून न पडलेलं पेन शोधत होती.

"बाई झकास आहे," ड्वेन म्हणाला. ड्वेन निवृत्त ट्रकचालक, अंगानं स्वतःच दुदारी फ्रिजएवढा. "फक्त शेवटी तिला ट्रकनं उडवायला हवं होतं."

"ड्वेन, तुमच्या प्रत्येक कथेत सगळ्यांना ट्रकच उडवतो," हॅडली म्हणाले.

आर्लीनबाई ओठ हलवत पुढे वाचत होत्या. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. मार्नीचा श्वासही.

"जेलीत गाजर..." त्या पुटपुटल्या. मग ताडकन म्हणाल्या, "ही बाई मी ओळखते!"

मार्नीला डोळ्यांसमोर किराण्याचा गल्ला दिसला. गणवेशसुद्धा दिसला.

"अहो, ही तर हुबेहूब माझी सासू! मी बाळंत होऊन घरी आले, तर हिनं माझी सगळी भांडी उंचीप्रमाणे लावून ठेवलेली! कर्ट रांगायला लागला तरी मला चाळणी सापडली नव्हती! आणि ही गाजराची जेली! मरताना कृती माझ्या हातात दिली. तेव्हापासून दर रविवारी करतेय. मला स्वतःला घशाखाली उतरत नाही!"

वर्ग खो खो हसत होता. पेटननं डोळे पुसत विचारलं, "मग करता कशाला?"

"आमच्या ह्यांना आवडायची," आर्लीनबाई म्हणाल्या आणि उगीचच ओटोची टोपी सारखी केली. "आता ते नाहीत. पण रविवारी टेबलावर जेली नसली, की त्यांची खुर्ची फारच रिकामी दिसते."

मार्नीला वाटलं, जाऊन त्यांच्या गळ्यात पडावं. पण मग कारण सांगावं लागलं असतं!

"तर," हॅडली हळूच म्हणाले, "लेखकानं हात वर करावा."

मार्नीचा हात गव्हाच्या पोत्याएवढा जड झाला. आर्लीनबाई मागे वळून एकेक चेहरा न्याहाळत होत्या. "कोण ते? घाबरू नका हो! त्या सासूला कोण सांगायला जातंय!"

तेवढ्यात ड्वेननं मार्नीचा कागदासारखा पांढरा चेहरा पाहिला आणि आपला खांबासारखा हात वर केला.

"माझी."

हॅडलींनी चष्म्यावरून ड्वेनकडे पाहिलं, मग मार्नीकडे पाहिलं. त्यांची स्वतःची सासू त्यांच्याच घरी वरच्या मजल्यावर राहायची. "छान," ते म्हणाले. "बिनट्रकची पहिलीच."

"फार सोसलंत हो तुम्ही!" आर्लीनबाईंनी ड्वेनच्या दंडावर थोपटलं.

"काय सांगू तुम्हाला!" ड्वेननं सुस्कारा सोडला. त्यानं लग्नच केलं नव्हतं.

सुटले! वर्ग संपल्यावर मार्नी ओटोला घेऊन गाडीपाशी उभी राहिली. कॉलेज वाचलं, सासूबाई वाचल्या, आता पुढची कथा फक्त मांजरावर! सासूबाई मात्र येईनात. बऱ्याच वेळानं आल्या त्या जवळजवळ धावतच, केसांत बर्फ आणि गाल लालबुंद.

"अगं, हॅडली म्हणतात, माझ्यात लेखिका आहे! आणि साठीच्या वर इथे फीच नाही! पुढच्या सत्रासाठी नाव घातलं मी!"

"कुठल्या वर्गात?" मार्नीनं बारीक आवाजात विचारलं.

"ह्याच की! मंगळवार-गुरुवार."

"आणि ओटो?"

आर्लीनबाई थबकल्या. झोपलेल्या नातवाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि मग अगदी मायेनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"रोज रोज वर्गात लेकरू नाही गं चालत, मी विचारलं. पण तू कशाला काळजी करतेस? तू त्याला घेऊन निवांत घरी बस. वर्ग सुटला की मी तडक तुझ्याकडे येईन आणि सगळं शिकवीन तुला. अगदी पहिल्यापासून!"